लाल समुद्रशेवाळ : औषध किती, अन्न किती आणि आपल्याकडं कुठं सापडतं?

टिळकवाडी_सुमेधा

नमस्कार मंडळी. बेळगावात समुद्र नाही तरी हा विषय इथंच काढतेय, कारण इथं फार्मसीवाले आहेत, शेतीवाले आहेत, मास्तरमंडळी पण आहेत. आमच्या भागात हल्ली 'सी मॉस' नावाच्या जेलच्या बाटल्या नि कॅप्सूल लई फिरायला लागल्यात, प्रदर्शनात स्टॉल असतोय नाहीतर कुणीतरी ओळखीची बाई घरी आणून देते. लाल समुद्रशेवाळ म्हणे, ब्याण्णव खनिजं म्हणे, थायरॉईड, गुडघे, केस, शुगर सगळ्यावर एकच औषध. शेजारच्या काकूंनी तर थायरॉईडची गोळी बंद करून हेच सुरू केलंय, मला त्याचीच काळजी लागून राहिलीय. हे शेवाळ म्हणजे नक्की काय, कुठं वाढतं, आपल्या कोकण-कारवार बाजूला असतं का, आणि औषध म्हणून खरंच काय सिद्ध झालंय, हे कुणीतरी नीट सांगा. भांडण नको, माहिती पाहिजे.

मुक्ता_फार्मसी

सुमेधाताई, बाकीचं सावकाश लिहिते पण काकूंना आजच सांगा, गोळी परत सुरू करा आणि डॉक्टरांना भेटून टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या. थायरॉईड कमी असलेल्या माणसाला गोळीतून हार्मोन मिळतं, शेवाळात ते हार्मोन नसतं. शेवाळात आयोडीन असतं, ते वेगळं. आपण आयोडीनचं मीठ खातोच की, त्यामुळं आजकाल पुष्कळ जणांचा थायरॉईड आयोडीन कमी पडल्यामुळं नाही तर शरीराचीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर उलटल्यामुळं बिघडलेला असतो, आणि अशा ग्रंथीत वरून जास्तीचं आयोडीन ओतलं तर ती आणखी बिघडू शकते. शिवाय बाटलीत आयोडीन किती आहे हे लिहिलेलंच नसतं.

खानापूरचा_मास्तर

चांगला विषय काढलात. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो, निवृत्तीनंतर समुद्रशेवाळाचा नाद लागलाय, तेव्हा लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

शेवाळ म्हणजे एकच कुळ नव्हे. हिरवं, तपकिरी आणि लाल असे तीन मोठे गट, आणि त्यातलं तपकिरी तर बाकी दोघांपासून नात्यानं फारच लांबचं. लाल गटाला ऱ्होडोफायटा म्हणतात, जगात सात हजारांच्या वर जाती नोंदलेल्या आहेत आणि बहुतेक सगळ्या समुद्रातल्या. याला मूळ नाही, खोड नाही, पान नाही, खडकाला घट्ट धरून राहणारा एक तळवा असतो आणि पाण्यातलं अन्न सगळं अंगच शोषून घेतं.

आता रंगाचं. समुद्राचं पाणी उजेडातला तांबडा भाग वरच्या वरच शोषून टाकतं, खोल जाईल तसा निळा-हिरवा उजेड तेवढा उरतो. साध्या हरितद्रव्याला हिरवा उजेड फारसा पकडता येत नाही. लाल शेवाळाकडं फायकोएरिथ्रिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते नेमका तोच उजेड पकडतं आणि हरितद्रव्याकडं पोचवतं. म्हणून हे लोक अंधाऱ्या कपारीत नि खोल पाण्यातही जगतात. १९८४ मध्ये बहामा बेटांजवळ २६८ मीटर खोलीवर खडकाला चिकटलेलं लाल शेवाळ सापडलं, तिथं पृष्ठभागावरच्या उजेडाचा ०.०००५ टक्के एवढाच भाग पोचतो. त्या उजेडावर जगणं म्हणजे काय असेल, मला अजून त्याचं आश्चर्य वाटतं. उलट उथळ पाण्यात कडक उन्हात वाढणाऱ्या जाती तपकिरी, जांभळट, काळपट, कधी कधी हिरवटसुद्धा दिसतात, त्यामुळं आपण खडकावर त्यांच्याच अंगावर उभे असतो आणि "लाल कुठाय?" म्हणून विचारत असतो.

दुसरं म्हणजे यांचं पुनरुत्पादन. बाकीच्या शेवाळांच्या नर पेशींना पोहायला शेपटी असते, लाल शेवाळात जीवनाच्या कुठल्याच टप्प्यात शेपटीवाली पेशी नाही. नर पेशी पाण्याबरोबर वाहत जाऊन मादीच्या केसासारख्या टोकाला लागायची, नाहीतर संपलं. पण २०२२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की ग्रासिलारिया नावाच्या लाल शेवाळात इडोटिया हा छोटा कवचधारी प्राणी नर पेशी अंगाला चिकटवून एका रोपावरून दुसऱ्यावर नेतो, म्हणजे जमिनीवर मधमाशी करते तेच काम समुद्रात चाललंय आणि आपल्याला पत्ताच नव्हता. बहुतेक लाल शेवाळाच्या आयुष्यात तीन पिढ्या असतात, नर-मादीची एक, मादीच्याच अंगावर वाढणारी दुसरी, आणि तिथून सुटलेल्या बीजाणूंपासून स्वतंत्र उगवणारी तिसरी. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या कधी कधी सारख्या दिसतात, कधी इतक्या वेगळ्या की शास्त्रज्ञांनी त्यांना दोन निरनिराळी नावं दिलेली होती.

यावरून कॅथलीन ड्र्यू-बेकर या इंग्लिश बाईंचं काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानात नोरी म्हणून जे शेवाळ खातात त्याचं बी येतं कुठून हे शेकडो वर्षं कुणाला माहीत नव्हतं, जाळी लावायची आणि आपोआप येईल अशी वाट बघायची. युद्धानंतर पीक बुडायला लागलं. १९४९ मध्ये या बाईंनी दाखवलं की शिंपल्यांच्या आत वाढणारा जो गुलाबी धागा वेगळी जात समजला जात होता तो याच शेवाळाचा एक टप्पा आहे. मग जपान्यांनी शिंपल्यांवर त्याची रोपवाटिका केली आणि अख्खा धंदा उभा राहिला. बाई कधी जपानला गेल्या नाहीत, १९५७ मध्ये वारल्या, पण कुमामोटोकडं उतो गावात त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी १४ एप्रिलला लोक तिथं जमतात. वनस्पतिशास्त्रातल्या एका साध्या प्रश्नानं किती लोकांची चूल पेटली बघा.

शहापूर_पेठ

मास्तर, तुमचं वाचून लई बरं वाटलं, पण हे सगळं जपान-फ्रान्सचं झालं. आमच्या घरात ह्याचा काय संबंध?

खानापूरचा_मास्तर

घरातच आहे की वो. उपासाला, वाढदिवसाला दुधात घालून वड्या पाडतात ते चायना ग्रास म्हणजे लाल शेवाळातून काढलेलं अगार. जेलिडियम, जेलिडिएला, ग्रासिलारिया या जातींच्या पेशींच्या भिंतीत ते असतं, उकळून काढतात. साधारण ८५ अंशाला वितळतं आणि थंड होताना ४० अंशाच्या खाली घट्ट होतं, एकदा घट्ट झालं की आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तरी पाणी होत नाही. याच गुणावर सगळं सूक्ष्मजीवशास्त्र उभं आहे. रॉबर्ट कॉख यांच्याकडं काम करणारे वाल्टर हेसे जिलेटिनवर जंतू वाढवायला बघत होते, ते उन्हाळ्यात वितळायचं आणि जंतूच ते खाऊन टाकायचे. त्यांच्या बायको फॅनी हेसे स्वयंपाकात अगार वापरायच्या, १८८१ मध्ये त्यांनी ते सुचवलं. आज लघवीचं कल्चर करायला दिलं की लॅबमध्ये त्या बशीत काय असतं? हेच. आणि आपल्या भागात उसाची, केळीची टिश्यू कल्चरची रोपं आणता ना, ती पण लहानपणी बाटलीत अगारवरच वाढलेली असतात.

टूथपेस्ट, आइस्क्रीम, पाकिटातलं चॉकलेटचं दूध, यात घट्टपणा आणायला जे कॅराजीनन घालतात तेही लाल शेवाळाचंच, ते कॅपाफायकस, युक्यूमा, काँड्रस यांच्यातून येतं.

दूधगंगा_काठ

म्या निपाणीकडचा. ते कॅपाफायकस का काय म्हणलासा ते आमच्या उसात, मिरचीत फवारतोय की आम्ही, दुकानदार समुद्रशेवाळाचं टॉनिक म्हणून देतोय. रिझल्ट हाय, पानाला काळोखी येतीया, पण पैसे वसूल होत्यात का न्हाई ह्याचा हिशोब कुणी सांगत न्हाई. ते खरं शेवाळ असतंय का रंगाचं पाणी?

खानापूरचा_मास्तर

अण्णा, प्रश्न बरोबर आहे. कॅपाफायकस मूळ फिलिपिन्सकडचं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं ते आणून तामिळनाडूत मंडपमला समुद्रात वाढवून बघितलं, मग २००० नंतर रामनाथपुरमच्या बाजूला बचत गटाच्या बायका बांबूच्या तराफ्यावर त्याची शेती करायला लागल्या, साधारण ४५ दिवसांत काढणीला येतं. याच संस्थेनं पद्धत काढली की ताजं शेवाळ पिळून रस वेगळा करायचा, तो शेतीला, आणि राहिलेल्या चोथ्यातून कॅराजीनन. रसात पोटॅश असतं आणि वाढीला चालना देणारी संप्रेरकं अगदी थोड्या प्रमाणात असतात. बऱ्याच पिकांवर चाचण्यांत उत्पन्न वाढलेलं दिसलंय, पण ते खताच्या बदल्यात नव्हे, खताच्या जोडीला. खतात काटछाट करून टॉनिकवर भर दिलात तर ऊस हलकाच पडणार. आणि २०२१ पासून बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी टॉनिकं, खत नियंत्रण आदेशात आलेत, शेवाळाचा अर्क त्यात येतो, तेव्हा बाटलीवर कंपनीचा पत्ता, घटकांचं प्रमाण, बॅच नंबर नीट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका, पावती मागा. शेजारी दोन ओळी न फवारता सोडा आणि तोडणीला वजन वेगळं करा, हिशोब तुमचा तुम्हालाच कळेल.

या शेतीची दुसरी बाजूही सांगतो. मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ हेच कॅपाफायकस सुटून प्रवाळांवर पसरलं, २००८ मध्ये ते छापूनही आलं. बाहेरचं पीक समुद्रात सोडताना किती सांभाळून सोडायला पाहिजे ते त्यावरून कळतं. तिथल्याच बायका पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून जेलिडिएला खरडून आणतात, त्याला त्या मरिकोळुंदू पासी म्हणतात. आपल्या चायना ग्रासमागं त्यांच्या हाताला पडलेल्या चिरा आहेत, हे आपण विसरू नये असं मला फार वाटतं.

मुक्ता_फार्मसी

आता औषधाचं लिहिते, परीक्षा संपली. मास्तरकाकांइतकं सुंदर जमणार नाही, पण जे वाचलंय ते सांगते.

आमच्याकडं लॅबमध्ये सूज कमी करणाऱ्या औषधाची चाचणी करायची तर उंदराच्या पंजात कॅराजीननचं इंजेक्शन देऊन आधी सूज आणतात, मग औषध देऊन ती किती उतरली ते मोजतात. १९६२ पासून ही पद्धत जगभर चाललीय. म्हणजे 'सी मॉस'ची जाहिरात म्हणते सांध्याची सूज उतरते, आणि त्याच कुळातला पदार्थ टोचला तर सूज येते! यात विरोध नाही, टोचणं वेगळं आणि खाणं वेगळं, पण कुठला रेणू, किती, कुठल्या वाटेनं शरीरात जातोय यावर सगळं ठरतं, आणि जेल विकणाऱ्याकडं ह्यातल्या एकाचंही उत्तर नसतं. खाण्यातलं कॅराजीनन युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये परत तपासलं, तेव्हा वजनाच्या दर किलोमागं रोज ७५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा ठेवली.

जिथं खरंच आशा आहे ते विषाणूंच्या बाबतीत. कॅराजीनन म्हणजे गंधकाचे गट चिकटलेली लांब साखर, त्यावर ऋण भार असतो, विषाणू पेशीला चिकटायच्या आधी त्याला ही साखर अडवते. आयोटा-कॅराजीनन या त्याच्याच एका प्रकाराचे नाकात मारायचे स्प्रे युरोपात साध्या सर्दीला मिळतात. कोविडच्या वेळी अर्जेंटिनात ३९४ आरोग्य कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली, स्प्रेवाल्यांत सुमारे १ टक्का लोकांना कोविड झाला, नुसतं मिठाचं पाणी मारणाऱ्यांत ५ टक्के. चांगलं आहे, पण चाचणी लहान होती हेही त्याच दमात सांगायला पाहिजे.

आणि हरलेली चाचणी पण सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. प्रयोगशाळेत कॅराजीनन एचआयव्हीला अडवतं असं दिसलं म्हणून दक्षिण आफ्रिकेत सहा हजारांवर बायकांवर त्याच्या जेलची मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आला : जेल सुरक्षित, पण एचआयव्ही थांबला नाही. काचेच्या नळीत जे चालतं ते माणसात चालेलच असं नाही, ह्याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही. त्या बायकांनी चाचणीत भाग घेतला म्हणून जगाला हे कळलं.

तिसरं ग्रिफिथसिन. न्यूझीलंडच्या समुद्रातल्या ग्रिफिथसिया नावाच्या नाजूक लाल शेवाळात सापडलेलं १२१ अमिनो आम्लांचं प्रथिन, २००५ मध्ये जाहीर झालं, विषाणूच्या अंगावरच्या साखरेला पकडून बसतं, एचआयव्हीविरुद्ध अतिशय कमी मात्रेत काम करतं. शेवाळ गोळा करून ते पुरेसं मिळणं शक्य नव्हतं, तर २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी ते तंबाखूच्या जातीतल्या एका झाडाच्या पानांत तयार करून दाखवलं. अजून मेडिकलमध्ये मिळणारं औषध झालेलं नाही.

दूधगंगा_काठ

तंबाखूत? औषध? आमच्या निपाणीच्या तंबाखूनं आजवर माणसं आजारीच पाडली, हे ऐकून बरं वाटलं बघा. आमची शेतं त्याला चालतील काय?

मुक्ता_फार्मसी

ती आपली विडीची तंबाखू नाही काका, तिची लांबची बहीण, ऑस्ट्रेलियाकडची, आणि बंद ग्रीनहाऊसमध्ये वाढवतात. शेतात नाही होत. पण कल्पना मला पण फार आवडते.

अजून एक जुनं औषध राहिलं. जपानात पूर्वी मुलांच्या पोटातल्या जंतांवर डिजेनिया नावाच्या लाल शेवाळाचा काढा द्यायचे. १९५३ मध्ये त्यातून कायनिक आम्ल वेगळं काढलं, जंत त्यानंच मरत होते. नंतर कळलं की हा रेणू मेंदूच्या पेशींना एवढा उत्तेजित करतो की जास्त दिला तर फिट येते, आणि आज मेंदूच्या प्रयोगशाळेत अपस्माराचा अभ्यास करायला प्राण्यांना तोच देतात. एकाच शेवाळात जंताचं औषधही आणि फिट आणणारं विषही. म्हणूनच "नैसर्गिक आहे, काय होतंय" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. १९९१ मध्ये ग्वाम बेटावर नेहमी खाण्यातलंच एक लाल शेवाळ खाऊन १३ माणसं आजारी पडली, ३ वारली, त्यात पॉलीकॅव्हर्नोसाईड नावाचं विष निघालं. दर वेळी असं होत नाही, पण कुठून काढलं, कधी काढलं, तपासलं का, हे प्रश्न विचारायचेच.

शहापूर_पेठ

मुक्ता, तू सगळं भीती घालण्यासारखंच लिहितीस की. मी स्वतः ते जेल घेतोय, पोट साफ होतंय, हलकं वाटतंय, हे काय खोटं काय? आणि आम्ही शाकाहारी, बी-१२ कमी असतंय, शेवाळात बी-१२ असतंय असं पण म्हणतात.

मुक्ता_फार्मसी

दादा, खोटं अजिबात नाही. त्या जेलमधली साखर आपल्याला पचत नाही, ती पाणी धरून ठेवते, म्हणून पोट साफ होतं. इसबगोल रात्री घेतलं तरी तेच होतं, आणि त्याला किंमत किती पडते ते बघा. शेवाळाचा तंतू मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंना उपयोगी पडतो का यावर काम चालू आहे. २०१० मध्ये निघालं की जपानी लोकांच्या आतड्यातल्या एका जंतूकडं नोरीची साखर फोडणारं एन्झाईम आहे आणि ते त्यानं समुद्रातल्या जंतूकडून उचललेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्यावर पोट पण शिकतं. आपलं पोट अजून त्या शाळेत गेलेलं नाही.

बी-१२चं बरोबर आहे, वाळवलेल्या नोरीत खरं बी-१२ सापडतं. पण नोरी वेगळी आणि 'सी मॉस' वेगळं. स्पायरुलिनात मात्र बहुतेक नुसतं दिसायला बी-१२ असतं, शरीराला ते चालत नाही, आणि स्पायरुलिना लाल शेवाळ पण नव्हे. रिपोर्टमध्ये बी-१२ कमी आलं असेल तर डॉक्टर देतील तेच घ्या.

आणि बाटलीत काय आहे ते तरी कुठं कळतंय? खरं आयरिश मॉस म्हणजे काँड्रस, ते आयर्लंड-कॅनडाच्या थंड समुद्रात होतं. बाजारात 'सी मॉस' म्हणून मिळतं त्यात पुष्कळदा उष्ण समुद्रातलं ग्रासिलारिया नाहीतर युक्यूमा असतं. तीन वेगळ्या जाती, तीन वेगळे घटक, लेबल एकच.

टिळकवाडी_सुमेधा

मुक्ता, हे फार उपयोगाचं. डॉक्टर माझ्या आईला जे अल्गी कॅल्शियम देतात ते पण ह्यातलंच काय?

मुक्ता_फार्मसी

हो, बहुतेक वेळा लिथोथॅम्निऑन जातीचं, ते दगडासारखं कडक लाल शेवाळ असतं. कॅल्शियम म्हणून ठीक आहे, पण साध्या कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा फार मोठा फरक पडतो असं धरून जास्त पैसे घालवायची गरज नाही, डॉक्टरांना विचारून साधी गोळी चालेल का बघा. दात काढल्यावर जबड्याचं हाड भरायला पण अशाच शेवाळाचा सांगाडा प्रक्रिया करून वापरतात. आणि गंमत म्हणजे मास्तरकाकांनी सांगितलेलं फायकोएरिथ्रिन, ते नारिंगी चमकतं म्हणून रक्तातल्या पेशी मोजायच्या मशीनमध्ये खुणेसाठी लावतात. एचआयव्हीच्या पेशंटच्या सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, मोजताना कितीतरी ठिकाणी तोच रंग असतो. पोटात घ्यायचं औषध म्हणून गाजावाजा होतो, आणि खरी सेवा हे शेवाळ तपासणीच्या खोलीत गुपचूप करतंय.

काळीनदी_कारवार

मी बेळगावचाच, नोकरीमुळं कारवारला असतो, किनाऱ्याचं मी सांगतो. भारतात समुद्रशेवाळाच्या साडेआठशेच्या आसपास जाती नोंदल्या आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त लाल. सगळ्यात श्रीमंत पट्टे म्हणजे मन्नारचं आखात आणि गुजरातचा ओखा-द्वारका भाग, शिवाय लक्षद्वीप, अंदमान. आपल्याकडचा किनारा त्या मानानं गरीब, कारण वाळू जास्त, नद्यांचं गोडं नि गढूळ पाणी जास्त, आणि पावसाळ्यात लाटा सगळं खरवडून नेतात. तरी जिथं खडक आहेत तिथं आहेच. मालवण, वेंगुर्ला, गोव्यात हणजूण, वागातोर, इकडं कारवार, गोकर्ण, भटकळ. गणपती झाले की खडक भरायला लागतात आणि थंडीत ते पाहण्यासारखे असतात. ग्रासिलारिया कॉर्टिकाटाचे चपटे फाटे, हिप्निया ज्याची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात, काटेरी अकँथोफोरा, आणि चुन्यानं कडक झालेली जॅनिया, अँफिरोआ ही नेहमीची.

एक जात मात्र उलटी. पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस, म्हणजे नोरीची आपल्याकडची चुलत बहीण, ती ऐन पावसाळ्यातच उगवते, भरतीच्या वरच्या रेषेवर, जिथं लाटांचा नुसता शिंतोडा येतो तिथं, पातळ जांभळट पापुद्र्यासारखी, आणि पाऊस ओसरला की गायब. जुलै-ऑगस्टमध्ये कोणी किनाऱ्यावर जात नाही म्हणून ती दिसत नाही. काळी नदीच्या मुखाशी खारफुटीच्या मुळांवर काळपट लव असते ती पण लाल शेवाळच, बोस्ट्रिकिया नि कॅटेनेला.

दूधगंगा_काठ

म्हंजे समुद्र न्हाई तिथं लाल शेवाळ न्हाईच?

खानापूरचा_मास्तर

आहे अण्णा, आणि अगदी तुमच्या कृष्णेच्या उगमाकडं आहे. गोड्या पाण्यातलं लाल शेवाळ थोडं असतं, जगातल्या सगळ्या लाल जातींत शंभरातल्या पाचाच्या आत, पण असतं. बॅट्राकोस्पर्मम नावाची जात, मण्यांची माळ पाण्यात सोडल्यासारखी दिसते, बुळबुळीत, बेडकाच्या अंड्यांच्या लडीसारखी, आणि रंग लाल नसून हिरवट-तपकिरी. पुण्याच्या विद्यापीठातल्या बालकृष्णन आणि चौगुले यांनी तिच्यातल्या एका जातीला महाबळेश्वरचंच नाव दिलं, बॅट्राकोस्पर्मम महाबळेश्वरेन्सिस. थंड, स्वच्छ, सावलीतलं वाहतं पाणी लागतं, पाणी घाण झालं की पहिली ही जाते. कणकुंबी, जांबोटी, चोर्ला बाजूच्या ओढ्यांत दिवाळीनंतर दगडांवर नीट बघायला पाहिजे असं मी गावातल्या पोरांना सारखा सांगतो. मलप्रभेच्या वरच्या अंगाला अजून असं पाणी आहे, किती दिवस राहील त्याचीच काळजी वाटते.

आणि वयाचं बोलायचं तर चित्रकूटच्या खडकात १६० कोटी वर्षांपूर्वीचे लाल शेवाळासारखे जीवाश्म २०१७ मध्ये जाहीर झाले, एकाचं नावच रामथॅलस. ते नक्की लाल शेवाळच का यावर सगळ्यांचं एकमत नाही, पण कॅनडाच्या उत्तरेला सापडलेलं बँजिओमॉर्फा सुमारे १०५ कोटी वर्षांचं आहे आणि ते लाल शेवाळ आहे हे बहुतेक सगळे मानतात.

चिकोडी_डेअरी

उशिरा आलो. आमच्या सोसायटीत परवा एकजण सांगत होता की लाल शेवाळ खायला घातलं की जनावर ढेकर कमी देतं नि दूध वाढतं, आणि चाऱ्यात मिसळायला पावडर देतो म्हणाला. घेऊ काय?

मुक्ता_फार्मसी

घेऊ नका दादा. जे खरं आहे ते अस्पॅरागॉप्सिस नावाच्या एका लाल शेवाळाबद्दल आहे, त्यातलं ब्रोमोफॉर्म हे रसायन जनावराच्या पोटात मिथेन, म्हणजे ढेकरेतून बाहेर पडणारा वायू, करणाऱ्या जंतूंना अडवतं, अमेरिकेत २०२१ मध्ये मांसासाठी पाळलेल्या बैलांच्या चाचणीत मिथेन ८० टक्क्यांहून जास्त घटला. म्हणजे हवामानासाठी मोठीच गोष्ट. पण ते चाऱ्यात अगदी चिमूटभर, मोजून घालायचं असतं, ब्रोमोफॉर्म जास्त झालं तर ते स्वतःच घातक, दुधात उतरतं का यावर तपासण्या चालल्यात, आणि दूध हमखास वाढतं असं कुठं दिसलेलं नाही. दुसरं कुठलं तरी लाल शेवाळ दळून घातलं तर मिथेन पण कमी होणार नाही, वरून मीठ नि आयोडीन जनावराच्या पोटात जाईल. पशुवैद्यांना विचारल्याशिवाय नको.

चिकोडी_डेअरी

बरं झालं विचारलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाचून दाखवतो.

टिळकवाडी_सुमेधा

मास्तर, काळीनदीदादा, तुमचं वाचून डिसेंबरात मुलांना घेऊन वेंगुर्ल्याला जायचं ठरवतेय, आंबोलीवरून. कधी गेलं की नीट दिसेल? आणि घरी आणून खाल्लं तर चालतं का?

काळीनदी_कारवार

अमावस्या किंवा पौर्णिमेच्या पुढं-मागं एक-दोन दिवस जा, तेव्हा ओहोटी लांबपर्यंत जाते. ओहोटीची वेळ मोबाईलवर बघून तिच्या आधी तासभर खडकावर पोचा आणि पाणी वळलं की लगेच मागं फिरा, पोरांना पुढं सोडू नका. खडक भयंकर निसरडे असतात, चांगली पकड असलेली चप्पल नाही तर बूट घाला. खायला आणू नका, बंदराजवळ नि नाल्याच्या तोंडाशी शेवाळ जड धातू शोषून बसलेलं असतं, आणि जात ओळखता आली नाही तर धोका नको. बघायला वाहून आलेलं उचला, चिकटलेलं उपटू नका, त्याच्या तळव्यापासूनच ते पुढच्या वर्षी परत फुटतं. पांढऱ्या ताटलीत समुद्राचं पाणी घेऊन त्यात एक तुकडा सोडा, बाहेर चिखलासारखा दिसणारा गोळा पाण्यात फांदी-फांदी उलगडतो, पोरांना ते फार आवडतं.

खानापूरचा_मास्तर

आणि वहीचा जाड कागद न्या म्हणजे झालं. ताटलीत पाण्याखाली कागद सरकवून शेवाळ त्यावर पसरायचं, हळूच तिरका करून उचलायचं, वर पातळ सुती कापड, मग वर्तमानपत्रात दाबून ठेवायचं, वर्तमानपत्र रोज बदलायचं. स्वतःच्याच चिकानं ते कागदाला चिकटतं, डिंक लागत नाही. खाली गाव, तारीख आणि खडकावर कुठं मिळालं ते पेन्सिलीनं लिहा, शाई उतरते. फोटो इथं टाका, जात ओळखायला आम्ही आहोत.